गडद आवाजासाठी लागणारं दुःख

ज्या नागरिकास गडद, जड आवाजाची वापरलेली इलेक्ट्रिक गिटार हवी असेल, त्याने आधी पुरेसे दुःखी असणे आवश्यक आहे. ही अट दुकानाच्या दारावर लावलेली नाही. ती आत गेल्यावर, गिटार आवडल्यावर आणि परतीचे दोर कापले गेल्यावर कळते. मी दहावीत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते आणि घरात सगळे माझ्याशी बरे वागतात. म्हणजे मी सपशेल अपात्र होते. फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

आमचा तिघींचा बँड आहे. ड्रम वाजवते ती धडाम, गाते ती घोगरी आणि गिटारवर मी. आमची सगळी गाणी जगाच्या अंतावर आहेत. शाळा सुटल्यावर धडामच्या गॅरेजमध्ये आम्ही ती खिदळत बसवतो. माझ्या हातात होती ती आत्येबहिणीची पिवळीधमक गिटार, वर फुलपाखरांचे स्टिकर. शनिवारी नव्या बँडांची स्पर्धा होती आणि रविवारी आत्येबहीण येऊन आपली गिटार नेणार होती.

"सोमवारी तुझ्याकडे स्वतःची गिटार नसेल ना," घोगरी मला अगदी प्रेमाने म्हणाली, "तर वरच्या वर्गातला तो झिपऱ्या केव्हाचा विचारतोय. मैत्री मैत्रीच्या जागी, काय?"

वापरलेल्या गिटारींचं दुकान एकच होतं, लाँड्रीच्या शेजारी पायऱ्या उतरून. भिंतीवर गिटारी टांगलेल्या आणि त्यांच्याखाली स्टुलांवर तीन काका. मला वाटलं, गिऱ्हाइकं असतील. पण ते काही विकत घेत नव्हते, वाजवत नव्हते आणि उठतही नव्हते. ते जाणकार मंडळ होतं. एक लाकडाचे जाणकार, दुसरे तारांचे. तिसरे नुसते डोळे मिटून बसायचे, म्हणून ते सर्वांत वरिष्ठ.

मी एक काळी गिटार उतरवून घेतली. एक डोळा मिटून तिची मान सरळ आहे का पाहिलं, खुंट्या पिळून सूर टिकतोय का बघितलं, वायर हलवून खरखर होते का ऐकलं. मग जाड तारा आणखी खाली उतरवल्या आणि एक दणका दिला. रिकाम्या इमारतीत कुणीतरी लोखंडी कपाट ओढत नेतंय, असा आवाज आला. मी आनंदाने किंचाळलेच.

तिथेच माझं चुकलं.

"हसलीस?" दुकानदाराने विचारलं.

"आवडली ना मला!"

"शिवाय तपासून पाहिलीस," लाकूडकाका कळवळून म्हणाले. "अगं, फ्रिज तपासून घेतात. गिटार समजून घ्यायची असते. हा ओरखडा दिसतोय?"

"हो. पट्ट्याच्या बकलाचा आहे."

"विरहाचा आहे."

"आणि हा शेजारचा?"

"तोही विरहाचाच. दुसऱ्या मुलीच्या."

दुकानदाराने गिटार हळूच माझ्या हातातून काढून घेतली. "हिचा आधीचा मालक पार उद्ध्वस्त झालेला होता. असा आवाज उगाच येत नाही. तू काय भोगलंयस?"

मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "दहावीचं गणित."

वरिष्ठ काकांनी डोळे उघडले. हे फार क्वचित होत असावं, कारण बाकीचे दोघे ताडकन उभे राहिले.

"घरी काही छळ?"

"नाही हो."

"एखादा असाध्य आजार?"

"गालगुंड झालं होतं. लहानपणी."

"बाळ," ते म्हणाले, "तू ते छोटं, हसऱ्या आवाजाचं युकुलेले बघ."

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन गेले. बाबा विमा कंपनीत लोकांच्या नुकसानीचे दावे फेटाळतात. दुःखाला कोणकोणते निकष लागतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी काळे कपडे घातले होते. बाबांनी दुकानात शिरताच ठरल्याप्रमाणे सुरुवात केली.

"कार्टे! तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला!"

मंडळाने माना वळवल्या. आशेचा किरण दिसला. मी खांदे पाडले.

"घरात पाऊल ठेवू नकोस!" बाबा गरजले, आणि लगेच खिशातून बाटली काढून म्हणाले, "पाणी पी गं, केवढं ऊन आहे बाहेर."

"साहेब," तारकाका म्हणाले, "हा बनाव आहे."

बाबांचा स्वतःचा दावा आयुष्यात पहिल्यांदाच फेटाळला गेला. ते जाम दुखावले. पण बापाचं दुःख मुलीच्या खात्यावर धरता येत नाही, असा नियम निघाला.

एवढ्यात दादा आत आला. दादा कॉलेजात आहे, त्याला गिटारीची मान कुठली आणि ढुंगण कुठलं हेही कळत नाही. तो आम्हाला न्यायला आला होता. गाल हातात धरून तो दारात उभा राहिला. तोंड उतरलेलं, डोळ्यांत पाणी. जाणकार मंडळ एकदम उठलं.

"हा कोण?" दुकानदार कुजबुजला.

"माझा दादा."

"कधीपासून आहे हे?" वरिष्ठ काकांनी त्याला विचारलं.

"महिना झाला," दादा कसाबसा म्हणाला.

"झोप?"

"कुठली झोप!"

"कुणाजवळ मन मोकळं केलंस?"

दादाने बाबांकडे चोरून पाहिलं. "घरी सांगू नका. आईला तर मुळीच नको."

लाकूडकाकांनी चष्मा काढून पुसला. काळी गिटार जड हातांनी दादाच्या गळ्यात अडकवण्यात आली. मी शनिवारच्या स्पर्धेचं सांगितल्यावर निर्णय असा झाला की तोपर्यंत ती त्याच्याकडे राहील. स्पर्धेत मंडळ पहिल्या रांगेत बसून आवाज ऐकेल. आवाज पुरेसा गडद आला तर विक्री कायम, नाहीतर गिटार परत भिंतीवर.

"अरे, पण वाजवते ही," बाबा म्हणाले.

"ते दुय्यम आहे," दुकानदार म्हणाला.

घरी आल्यावर मी दादाला गच्चीत गाठलं. "कोण सोडून गेली रे तुला?"

"कोण जातंय? अक्कलदाढ आहे. जात नाहीये हाच तर प्रॉब्लेम आहे."

आमची आई दातांची डॉक्टर आहे. तिचा दवाखाना आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि तिची पक्कड हे दादाच्या आयुष्यातलं एकमेव खरं भय आहे. म्हणून महिनाभर तो एका बाजूने जेवत होता. गुरुवारी मात्र गाल सुजला.

"बस झालं. आईला सांगतो मी," तो म्हणाला.

"दोन दिवस कळ काढ ना रे!"

"जीव चाललाय माझा! माणूस आहेस का तू?"

"कलावंत आहे," मी म्हणाले. आणि खरं सांगते, म्हणताना फार छान वाटलं.

त्या दोन दिवसांत आईपासून दाढ लपवणं म्हणजे मांजरापासून मासा लपवणं होतं. जेवताना आई दादाकडे बघू लागली की मी गणितातले मार्क सांगायचे. मग तिला दुसरं काही दिसायचं नाही.

शनिवारी सभागृहात असा बंदोबस्त केला: पुढे दादा, गळ्यात काळी गिटार, तिला वायरच नाही. मागे, माणसाएवढ्या स्पीकरच्या आड मी, हातात फुलपाखरांची पिवळी, तारा खालपर्यंत उतरवलेल्या. पडदा उघडण्याआधी मी दादाला बर्फाच्या पाण्याचा मोठा ग्लास दिला.

"पी रे. घसा कोरडा पडेल."

त्याने विश्वासाने घोट घेतला आणि पडदा उघडला. असा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. मी दणका दिला. कपाट ओढलं गेलं, मग आख्खी इमारत ओढली गेली. धडामने ड्रम बडवले, घोगरीने जग संपवलं. स्पीकरमागे मी नाचत होते, हसून हसून गाल दुखत होते. समोर तीन काका रुमाल काढून रडत होते.

"हे लाकूड बोलतंय!" लाकूडकाका हुंदका देत म्हणाले.

आम्ही पहिल्या आलो. दुकानदार स्टेजवर चढला आणि विक्री दादाच्या नावे कायम झाल्याचं त्याने माइकवरून जाहीर केलं. टाळ्या थांबेनात. आणि दादाच्याने राहवलं नाही.

"मी नाही वाजवली," गाल धरून तो म्हणाला. "हिने वाजवली. त्या पिवळ्या गिटारीवर. माझी नुसती दाढ दुखतेय."

मी फुलपाखरांसकट बाहेर आले. जाणकार मंडळ पडद्याच्या कडेला गेलं. बऱ्याच वेळाने वरिष्ठ काकांनी निर्णय वाचल्यासारखा सांगितला.

"आवाज पिवळ्या गिटारीतून आला असेल. पण तो काळ्या गिटारीच्या सान्निध्यात आला. विक्री कायम. मुलीने मात्र या गिटारीला हात लावू नये; ती आताही हसते आहे. आणि मुलाने दाढ काढू नये. लाकडाला तिची सवय लागली आहे."

"कुठली दाढ?"

हा आवाज प्रेक्षकांतून आला. आई उभी राहिली होती. त्या संध्याकाळी ऐकलेला सर्वांत गडद आवाज तो होता, आणि त्याला गिटार लागली नव्हती. तिने दादाला तसाच, काळ्या गिटारीसकट, ओढत नेलं. मंडळाने पायऱ्यांपर्यंत विरोध केला, पण आईने पर्समधून छोटा आरसा काढून "आ करा बघू" म्हटल्यावर तिघे पांगले.

रविवारी दवाखान्याच्या खोलीतून दादा कापूस चावत, हसत बाहेर आला. गळ्यातली गिटार त्याने माझ्या गळ्यात घातली.

"घे गं बाई. माझ्या काय कामाची? आणि बर्फाच्या पाण्याचा हिशेब नंतर."

तेव्हापासून काळी माझी आहे. रोज वाजवते, दात दाखवत वाजवते आणि आवाज तसाच येतो, तळघरातून आल्यासारखा. झिपऱ्या युकुलेले शिकतोय. दादा बरा आहे, बाबा दावे फेटाळतायत, गोष्ट संपली.

तुमचा जरा हिरमोड झाला ना? खरं सांगा. "पोरगी मजेशीर लिहिते," असं म्हणून तुम्ही आता पान उलटणार. तेच गिटार परत भिंतीवर गेली असती, बँड मोडला असता, मी अंधाऱ्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडले असते, तर तुम्ही डोळे मिटून म्हणाला असतात, "या वयात काय खोल लिहिलंय!"

तसाही शेवट लिहून देते, माझं काय जातंय? फक्त त्यासाठी कुणाची दाढ दुखत ठेवायची, तेवढं कळवा.