लाजेचा काठ

जेवायला बसल्यावर दंतोबाने रिकामी वाटी ताटात कडेवर उभी केली, एका बाजूला कलवली आणि बायकोला टायर समजावून सांगायला घेतलं. टायरचा माथा जरा टोकदार असला की गाडी वळणावर आपणहून झुकते, चपटा असला की ढकलावी लागते. रबर मऊ असलं की रस्त्याला घट्ट धरतं पण लवकर झिजतं, कडक असलं की टिकतं खूप आणि नेमक्या वेळी दगा देतं. एवढ्यात वाटी निसटली आणि घरंगळत फ्रिजखाली गेली. बायको ती काढायला उठली नाही. त्या आठवड्यात फ्रिजखाली गेलेली ती काही पहिली वाटी नव्हती.

"एवढं मऊ रबर तुम्हाला हवंय कशाला?" तिने विचारलं. "तुम्ही वळणावर झुकता कुठे? परवा मी मागे बसले होते, तर आपल्याला सायकलवरचा पोस्टमन ओलांडून गेला."

दंतोबाने मोठा घास तोंडात कोंबला, कारण पोस्टमनने जाताना हातही केला होता.

दंतोबा हे त्याचं खरं नाव नव्हे. तो कवळ्या बनवायचा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्याची छोटीशी प्रयोगशाळा होती आणि तिथून निघालेली कवळी घातलेला माणूस पेरू खाऊन दाखवायचा. रविवारी ज्या टोळीबरोबर तो मोटरसायकल फिरवायला जाई, त्या टोळीने त्याला हे नाव दिलं आणि घरी बायकोनेही ते उचललं. गाडी मात्र त्याची खरोखरच देखणी होती. लालभडक स्पोर्ट बाइक, बसल्यावर माणूस टाकीवर पालथा पडलेला दिसावा अशी. तिच्यावर बसून तो घर ते प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळा ते घर करत असे.

टोळीचा म्होरक्या रंगाच्या दुकानाचा मालक होता. त्याला सगळे कप्तान म्हणत. दर रविवारी निघण्यापूर्वी तो प्रत्येक गाडीमागे उकिडवा बसायचा, मागच्या टायरवरून अंगठा फिरवायचा आणि मालकाचा स्वभाव सांगायचा. जो वळणावर बिनधास्त झुकतो त्याचं टायर पार कडेपर्यंत झिजतं. जो कचरतो त्याच्या टायरला दोन्ही बाजूंनी कोरी पट्टी उरते. त्या पट्टीला टोळीत 'लाजेचा काठ' म्हणत. दंतोबाचं जुनं टायर मध्यभागी सपाट आणि कडांना दुकानातून आणल्यासारखं होतं. कप्तानाने त्यावर अंगठा फिरवला होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "माणूस सरळमार्गी आहे."

टोळी हसली. सगळ्यात जास्त हसला तो दंतोबाचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तोही टोळीत होता आणि त्याच्या पोटात काही राहत नसे. संध्याकाळपर्यंत बातमी सासुरवाडीला पोचली. सासूबाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं की जावईबापू सरळमार्गी आहेत हे आम्हाला माहीत होतंच, पण चारचौघांनीही म्हटलं म्हणजे बरं वाटतं. त्या दिवसापासून दंतोबाला एकच ध्यास लागला. टोळीत एकदा तरी मान ताठ करून उभं राहायचं.

म्हणून ही टोकदार माथ्याची मऊ टायरं आली. दुकानदाराने बसवताना बजावलं की नव्या रबरावर कारखान्यातला निसरडा थर असतो, तेव्हा सुरुवातीला जपून, थोडंथोडं झुकत न्या. दंतोबाला जपून न्यायला सांगणं म्हणजे आधीच झोपलेल्याला अंगाई म्हणण्यासारखं होतं. त्यात ही टायरं भलतीच उत्साही निघाली. जुन्या टायरांवर गाडी वळायला कुरकुर करायची, नव्यांवर नुसती मान वळवली तरी आडवी व्हायला निघायची. पहिल्याच चौकात ती अशी झुकली की दंतोबाने दोन्ही पाय खाली टेकले, आणि तिथून पुढे तो पूर्वीपेक्षाही ताठ बसून चालवू लागला. शनिवार उजाडला तेव्हा नव्या टायरच्या कडांवर रबराचे बारीक केससुद्धा जसेच्या तसे उभे होते. आणि दुसऱ्या दिवशी घाटात जायचं होतं.

शनिवारी दुपारी बायको डबा घेऊन प्रयोगशाळेत आली, तर गाडी आत, मागचं चाक स्टँडवर अधांतरी, आणि तिचा नवरा डोळ्याला भिंग लावून टायरची कड घासतोय. हातात कवळ्या घासायची छोटी मोटर होती आणि बाजूला पॉलिश पेपरच्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"काठ काढतोय."

तिने डबा ठेवला. रागवावं की हसावं हे तिला क्षणभर ठरवता आलं नाही. मग भावाचं ते हसणं आठवलं असावं, कारण तिने पदर खोचला आणि चाक हळूहळू फिरवून द्यायला बसली. माहेर कितीही प्रिय असलं तरी नवऱ्याची चेष्टा करायचा हक्क तिने कुणाला वाटून दिलेला नव्हता.

दंतोबाचं काम पाहण्यासारखं होतं. खडबडीत काही त्याच्या हातून सुटतच नसे. जिभेला वाळूचा कणसुद्धा लागतो, हे तो धंद्याच्या पहिल्या दिवसापासून घोकत आला होता. शिवाय खरे दात कधी दोन्हीकडे सारखे झिजत नाहीत, माणूस एका बाजूने जास्त चावतो, हेही त्याला ठाऊक. म्हणून त्याने डावी कड पार शेवटपर्यंत उतरवली आणि उजवीकडे बारीकशी पट्टी शिल्लक ठेवली. शेवटी फडक्याने पुसून तो मागे सरला. टायर असं दिसत होतं की ते घाटातच जन्मलं असावं. खूश होऊन त्याने हातातली पॉलिश पेपरची पट्टी जॅकेटच्या खिशात कोंबली आणि डबा उघडला.

रविवारी कप्तान त्याच्या गाडीमागे बसला तो उठेचना. अंगठा एकदा डावीकडून फिरला, एकदा उजवीकडून. मेहुणा हसायच्या तयारीने जवळ येऊन उभा राहिला होता.

"असा नितळ काठ फार वर्षांनी पाहतोय," कप्तान अखेर म्हणाला. "डाव्या वळणावर हा माणूस वाघ आहे. उजवीकडे अजून संकोचतो, पण खोटं काही नाही."

मेहुण्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. दंतोबाला आनंदाने उचकी लागली. आनंद पुरता गिळून होतो न होतो तोच कप्तानाने फर्मावलं की आज टोळीच्या पुढे दंतोबा राहील आणि बाकीचे त्याच्या चाकाच्या रेषेत येतील.

"दाजी, मी बरोबर तुमच्या मागे," मेहुणा म्हणाला. "शिकून घेतो जरा."

घाट सुरू झाला तेव्हा दंतोबाच्या हातमोज्यांत घामाचं तळं झालं होतं. पहिली दोन वळणं त्याने गाडी न झुकवताच काढली आणि मागून मेहुण्याचा हॉर्न आला. त्या हॉर्नने घात केला. चिडून त्याने मूठ पिळली आणि पुढचं डावं वळण अंदाजापेक्षा फार लवकर समोर आलं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला कठडा. आता ब्रेक मारण्यात अर्थ नव्हता. त्याने वळणाच्या पार पलीकडे नजर लावली, खांदा आत टाकला आणि गाडीला म्हणाला, ने बाई.

गाडीने नेलं. ती झुकली, आणखी झुकली, रस्ता गुडघ्याशी आला, आणि जिथे आता गेलोच असं त्याला वाटलं तिथे टायरने रस्ता धरला. नुसता धरला नाही, मुठीत घेतला. कारखान्याचा निसरडा थर त्याने कालच हाताने घासून काढला होता ना. वळणातून बाहेर पडताना दंतोबा हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने हसत होता. मग उजवं वळण आलं. उजवीकडे संकोचतो काय, असं म्हणून त्याने तिकडेही गाडी तेवढीच लोळवली. मग डावं, मग उजवं. आरशातून मेहुणा केव्हा गेला ते त्याला कळलंही नाही. आयुष्यात इतका आनंद त्याला झाला नव्हता, लग्न धरूनसुद्धा.

माथ्यावर चहाच्या टपरीशी तो एकटाच पोचला. उतरल्या उतरल्या त्याने टायर पाहिलं. दोन्ही कडा शेवटपर्यंत झिजल्या होत्या, रबर गरम होऊन त्याचे बारीक गोळे वळले होते. खरे, स्वतः कमावलेले गोळे. टोळी येईपर्यंत तो त्यांच्याकडे बघत बसला.

कप्तान आला, उकिडवा बसला, आणि या वेळी लगेच उठला.

"हे पॉलिश पेपरचं काम आहे," तो म्हणाला.

दंतोबाला वाटलं, सकाळचं पकडलं. पण कप्तान पुढे बोलू लागला. सकाळी काठ कसा नितळ होता, नैसर्गिक, एकीकडे जास्त, एकीकडे कमी. आता बघा, खरखरीत, ओबडधोबड, दोन्हीकडे अगदी सारखा. उजवीकडची उणीव झाकायला याने इथे एकट्याने बसून टायर घासलं. डावीकडे एवढं खरं असताना माणसाला लोभ आवरू नये, याचं त्याला वाईट वाटलं.

"अहो, नाही," म्हणत दंतोबाने घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर पॉलिश पेपरची काळी झालेली पट्टी बाहेर आली आणि नेमकी मेहुण्याच्या बुटावर पडली.

मग मात्र दंतोबाने सगळं खरं सांगून टाकलं. सकाळचं खोटं होतं, हे आत्ताचं खरं आहे. टोळी हसून हसून वाकली. कप्तान तेवढा हसला नाही.

"म्हणजे सकाळी माझा अंगठा चुकला, असं म्हणायचंय तुला?"

दंतोबाने पट्टी उचलून पुन्हा खिशात घातली. परतीच्या वाटेवर तो सगळ्यांच्या शेवटी राहिला.

घरी पोचला तेव्हा बायको दारातच उभी होती. तिच्या हातात अजून फोन होता, म्हणजे बातमी त्याच्या आधी आली होती. गाडीमागे जाऊन ती खाली बसली आणि टायरच्या कडेवरून बोट फिरवलं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. बोटाला काळे गोळे लागले. त्याने मान खाली घातली.

"हे तुमच्या हातचं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"इतकं खडबडीत काम तुमच्या हातून होईल का? काल मी समोर बसून पाहिलंय ना." ती उठली, हात झटकले आणि त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागली. "खरंच झुकलात?"

त्याने नुसती मान हलवली, दोनदा, कारण वळणं दोन्हीकडची होती.

बायको आत गेली. तो गाडी लावायला निघाला तेवढ्यात ती परत आली. फोन घरात ठेवून आली होती आणि डोक्यावर हेल्मेट होतं.

"पोस्टमनच्या रस्त्याने घ्या," मागे बसत ती म्हणाली.