रजेवरच्या बाई

"माझ्या बाटलीत कॅल्शियम कुणी घातलं?"

बाईंच्या आवाजानं प्रयोगशाळेतल्या काचा थरथरल्या. सशाच्या यकृतातल्या पेशी फोडून, त्यांच्या आतल्या जाळीदार कप्प्यातून चार महिने खपून काढलेलं प्रथिन आज वाया गेलं होतं. या प्रथिनाचं काम एकच, कॅल्शियम पकडून साठवायचं. ते किती साठवतं हे मोजून बाईंना संध्याकाळी पाचपर्यंत नियतकालिकाला कळवायचं होतं. पण प्रथिन आधीच तुडुंब भरलेलं. जेवून आलेल्या पाहुण्यासारखं ते एकही घास घेईना.

संशय मामांवर आला. बावीस वर्षं इथली भांडी मामाच धूत होते, आणि नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतं.

"मामा, नळाचं पाणी वापरलंत ना? चोरून?"

"चोरून?" मामांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "बाई, यंत्राचंच शुद्ध पाणी वापरलं. मला चोर म्हणता?"

"मग कॅल्शियम काय आभाळातून पडलं?"

मामांनी अंगातला कोट काढून खुंटीला लावला, बायकोला फोन करून सगळं जसंच्या तसं ऐकवलं आणि दाराशी स्टूल टाकून बसले. शीतकपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती, आणि त्या कपाटात प्रथिनाची शेवटची नळी.

एवढ्यात बाईंच्या नवऱ्याचा फोन आला.

"काय गं, काल गोळी घेतलीस का? तुला न्यायला आलो तेव्हा तू हात धूत होतीस. म्हटलं, हिची हाडं हिला आठवत नाहीत. टेबलावरच्या तुझ्या पाण्याच्या बाटलीत टाकली विरघळवून."

"कसली गोळी?"

"कॅल्शियमची."

बाईंच्या तोंडून पुढे जे बाहेर पडलं ते ऐकून शेजारच्या खोलीतल्या दोघांनी दार लावून घेतलं. फोन आपटून त्या मामांसमोर उभ्या राहिल्या. राग अजून नाकाच्या शेंड्यावर होता, त्यामुळे माफीसुद्धा भांडल्यासारखीच निघाली.

"चुकलं माझं! गोळी माझ्या नवऱ्यानं टाकली! झालं समाधान? किल्ली द्या!"

"आधी तुमच्या साहेबांना लावा फोन."

मामांनी साहेबांना शेलक्या शब्दांत झोडपलं. "शिकलेले ना तुम्ही? दिसेल त्या बाटलीत गोळ्या टाकता? अक्कल गहाण टाकली का?"

"पुरे!" बाई कडाडल्या. "माझ्या नवऱ्याची अक्कल काढायचं काम माझं आहे!"

मामा खुदकन हसले आणि उठून कपाट उघडायला गेले. बाईंनी थंडगार नळी बर्फात धरली, तोच दार धाडकन उघडलं. हातात छत्री घेतलेली एक ठेंगणी, लालबुंद बाई आत आली.

"माझ्या नवऱ्याला चोर म्हणणारी ती बाई कुठाय?"

मामांनी शांतपणे कपाटाला कुलूप लावलं.

"त्या आज रजेवर आहेत," ते म्हणाले. "ही नवी मुलगी आहे. घाबरवू नकोस तिला."

"बरं झालं. ऐक गं पोरी, त्या भवानीला माझा निरोप दे." मग दहा मिनिटं निरोप चालला. त्यात बाईंची जीभ, शिक्षण, माहेरचं वळण, काही म्हणून सुटलं नाही. बाई बर्फाचा डबा छातीशी धरून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या.

"सांगशील ना सगळं?"

"अगदी शब्दन् शब्द, काकू," बाई म्हणाल्या.