उतारावरचे गायकवाड सर

गायकवाड सरांच्या घरात खडू पडला की वाकायचं नाही. दार उघडायचं.

भिवंडीच्या टेमघरातली त्यांची बिल्डिंग एका अंगाला कललेली. सर पहिल्या मजल्यावर, क्लासही घरातच. खडू सुटला की आम्हा अकरावीच्या पोरांमधून घरंगळत थेट समोरच्या नसीम खालांच्या दारात. गुडघ्यांमुळे खाला चार वर्षांत जिना उतरलेल्या नव्हत्या, पण खडू परत द्यायला भिंत धरत यायच्या. "लो मास्टर, तुम्हारा खडू घूमके आया." मग चहा.

सर फिजिक्स शिकवायचे, पण जीव उतारावरच्या गणितांत. पुस्तकातला ठोकळा घर्षणाशिवाय घसरतो, हे त्यांना नामंजूर. "घर्षण न्हाय असा एक उतार भिवंडीत दाखव, मिशी काढतो." खिशात गवंडी वडिलांचा ओळंबा, दोऱ्याला बांधलेलं वजन. तो लोंबकळवून सांगायचे, "वजन सरळ खालीच. जमीन वाकडी म्हणून वजन वाकत न्हाय."

हे वाक्य मी सरांपेक्षा भारी म्हणतो. पेपरात मात्र साइनच्या जागी कॉस घालायचो. "तुझ्या हिशोबानं," सर म्हणायचे, "सपाट रस्त्यावर उभी माणसं घसरत पार अंबाडी गावाला पोचतील."

मग महापालिकेची नोटीस लागली. बिल्डिंग धोकादायक, खाली करा. बाकीचे गेले, सर हलेनात. पालिकेचे साहेब आले तर त्यांनाच ओळंबा दाखवला. "टॅन थीटा म्यूपेक्षा कमी हाय, साहेब. मी घसरत न्हाय."

"सर, तुम्ही नाही. बिल्डिंग घसरेल."

"मग तिला नोटीस द्या."

आम्हाला वाटलं, म्हातारा हट्टी. खरी गोष्ट वेगळीच होती. खालांची मुलगी शेलार गावात खोली तयार ठेवून बसलेली, पण खाला कुणाला उचलू देईनात. "उठाना एक ही बार होता है. तब उठाना." आणि त्यांना एकटं सोडून सर निघेनात.

शेवटी सर म्हणाले, "उचलत न्हाय. घसरवतो."

रविवारी जिन्यावर फळ्या ठोकल्या. खुर्चीच्या पायांना गोणपाट, पाठीला दोर. खाला पर्स घेऊन बसल्या. सरांनी भिंतीवर उतार काढला, ठोकळ्याच्या जागी खुर्ची. वजन लिहिलं सत्तर.

मागून आवाज आला, "पैंसठ लिखो."

सरांनी पासष्ट केलं आणि माझ्या कानात म्हणाले, "दोन पोरं जास्त घे." मग मोठ्यानं, "दोरावर ओढ कशाची? एम जी साइन का कॉस?"

खाला माझ्याकडे बघत होत्या.

"साइन," मी म्हणालो. "वजा घर्षण."

सरांनी दोराचं पहिलं टोक माझ्या हातात दिलं.

"आहिस्ता. कपडे का गट्ठा नहीं हूँ मैं," असं दटावत खाला वीतवीत खाली गेल्या. रिक्षात बसताना सरांना म्हणाल्या, "अब तो निकलो, मास्टर." सर त्याच संध्याकाळी निघाले.

आता क्लास नव्या बिल्डिंगमध्ये असतो. परवा शिकवताना खडू पडला. पडला तिथंच राहिला. सवयीनं आम्ही दाराकडे बघितलं. सरांनीही.

मग त्यांनी ओळंबा काढून भिंतीला धरला.

"बांधकाम चुकलंय हितं," म्हणाले.

दोरा भिंतीला लागून सरळ लोंबत होता. खडू कुणी उचलला नाही.