होडीतले पाचजण

"आता कोणी उठायचं नाही," असं म्हणून सुनेने टेबल पुसलं आणि मधोमध एक खोका ठेवला. खोक्यावर होडीचं चित्र होतं. होडीत माणसं होती आणि माणसांच्या गुडघ्यापर्यंत पाणी होतं.

सून दातांच्या दवाखान्यात काम करायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की घरातलं माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांनी मिळून काहीतरी करावं, नुसती एकमेकांची तोंडं बघत बसू नये. सासूबाईंना जाऊन सात महिने झाले होते. सात महिने दर रविवारी मुलगा, सून, मुलगी आणि जावई डबे घेऊन यायचे, जेवायचे आणि तोंडं बघून जायचे. त्यामुळे हा खोका.

सासरा बुकबाइंडर. चाळीस वर्षं त्याने आणि बायकोने याच टेबलावर रजिस्टरं आणि पुस्तकं बांधली होती. तो कापायचा, ती शिवायची. टेबलाच्या कडेला सुरीच्या खुणा अजून होत्या. खेळण्यात त्याला काडीचा रस नव्हता. पण खेळ झाल्यावर सगळ्यांना त्याच्याशी "जरा बोलायचं" होतं आणि काय बोलायचं होतं ते त्याला ठाऊक होतं. मुलाच्या घरी स्वयंपाकघरामागे एक लहान खोली होती. बाइंडरने इथलं घर बंद करून त्या खोलीत राहायला जावं, असं घाटत होतं. मुलाच्या पिशवीत त्याने रंगांच्या नमुन्यांचं पत्रक पाहिलं होतं. फिक्या हिरव्यावर खूण केली होती.

बाइंडरचं उत्तर तयार होतं. "मी इथून हलणार नाही." त्यावर ते काय काय म्हणतील तेही त्याने धरलं होतं. बाथरूममध्ये पडाल, म्हणतील. तर तो रबराची चटई दाखवणार होता. गॅस चालू राहील, म्हणतील. तर भिंतीवर लावलेली पाटी दाखवणार होता. गुडघा, जिना, एकटेपणा, सगळ्याला उत्तर होतं. गेले पंधरा दिवस भांडी घासताना तो हेच घोकत होता.

"नियम सोपे आहेत," सून म्हणाली. "आपण सगळे एका फुटक्या होडीत आहोत. दर फेरीला प्रत्येकाने एक पत्ता पालथा टाकायचा. बादली टाकली की पाणी बाहेर, भोक टाकलं की पाणी आत. बारा फेऱ्या तगलो की किनारा. पण आपल्यातला एक जण फितूर आहे. त्याला होडी बुडवायची आहे."

"आणि सरळ माणसाच्या हातात सगळी भोकंच आली तर?" बाइंडरने विचारलं.

"तर त्यानेही भोक टाकायचं. आणि गप्प राहायचं. पत्ते दाखवायचे नाहीत."

"म्हणजे आमच्या कारखान्यासारखंच की," मुलगा म्हणाला. तो कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कोणाचा पाय कुठे घसरेल हे आधीच सांगण्याचा त्याला पगार मिळायचा.

कोण खलाशी आणि कोण फितूर हे ठरवणारे पत्ते सुनेने मोजून सासऱ्याच्या हातात दिले. त्याने ते पिसले आणि न बघता अंगठ्याने टेबलाभोवती सरकवले. पुस्तकाचे फर्मे जुळवताना तो असाच एकेक कागद टाकत जायचा. सगळ्यांनी आपापला पत्ता चोरून पाहिला. बाइंडर खलाशी होता. त्याला बरं वाटलं. फितुरी त्याला जमली नसती.

पहिल्या फेरीत तीन बादल्या आणि दोन भोकं निघाली. दुसऱ्या फेरीत चार भोकं.

"चार?" जावई म्हणाला. तो विमा कंपनीसाठी जळक्या गोदामांची पाहणी करायचा आणि आग आपोआप लागते यावर त्याचा विश्वास नव्हता. "चार भोकं अशी सहज पडत नसतात."

"माझ्याकडे बघून काय बोलतोस?" त्याची बायको म्हणाली.

"मी छताकडे बघत होतो."

"छताकडे बघताना तुझ्या भुवया अशा होत नाहीत."

"हीच आहे," मुलगा म्हणाला. "लहानपणी बरणी फोडून माझं नाव सांगायची."

"एकदा सांगितलं होतं दादा. मी सात वर्षांची होते. अजून किती वर्षं पुरवणार आहेस?"

संशय आला तर बहुमताने एकाला होडीबाहेर ढकलता येत होतं. ढकलण्याआधी प्रत्येकाने त्याला एक प्रश्न विचारायचा, आणि ढकललं की त्याचा पत्ता उलटा करून बघायचा. मुलीच्या विरोधात तीन हात वर आले. त्यातला एक तिच्या नवऱ्याचा होता.

"घरी चल," ती त्याला म्हणाली.

प्रश्नाची पहिली पाळी सुनेची. तिला काही सुचेना, म्हणून तिने जे डोक्यात होतं तेच विचारलं. "बुधवारी दुपारभर तुझा फोन बंद होता. कुठे होतीस?"

"हा काय खेळातला प्रश्न आहे?"

"उत्तर दे. नियम आहे."

"इथेच होते. बाबा औषधं आणायला गेले होते तेव्हा. कपाट मोजायला आले होते."

"कुठलं कपाट?" बाइंडरने विचारलं.

मुलीने जीभ चावली. "तुमचं. दादाने सांगितलं होतं, त्या खोलीत मावतं का बघ म्हणून."

"कपाट?" सून नवऱ्याकडे वळली. "त्या खोलीत कपाटही येणार आहे? मला कोणी सांगितलं नाही!"

"आधी हिला बाहेर ढकलू," मुलगा घाईने म्हणाला.

ढकललं. पत्ता उलटला. खलाशी.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मुलगी म्हणाली. होडीबाहेर गेलेल्याने बोलायचं नाही असा नियम होता, पण ती शिक्षिका होती. "आता माझ्या नवऱ्याला ढकला. माझ्याविरुद्ध फार पटकन हात वर केला त्याने."

जावई गेला. तोही खलाशी. पाणी मात्र चढतच होतं, कारण उरलेल्यांच्या हातात भोकंच भोकं येत होती आणि तसं सांगायची सोय नव्हती.

"मग तुम्हीच," सून नवऱ्याला म्हणाली. "बायकोला न विचारता कपाटं आणणारा माणूस होडीसुद्धा बुडवेल."

"अगं, कपाटाचं काय घेऊन बसलीस? बाबा येणार म्हणजे कपाट येणारच ना!"

"बाबांना आणायचं ठरवलं कोणी? तुमच्या बहिणीचा हट्ट, म्हणून मी गप्प बसले."

"माझा हट्ट?" मुलगी उभीच राहिली. "वहिनी, मला तर दादा म्हणाला की तुला बाबांची काळजी वाटते, झोप लागत नाही तुला!"

"मला झोप दाढेमुळे लागत नाही!"

"एक मिनिट," मुलगा म्हणाला. "मी कशाला ठरवेन? मला जावईबापूंनी सांगितलं, बाबांनी आता एकटं राहणं बरं नाही."

सगळे जावयाकडे बघू लागले.

"मी सहज म्हणालो होतो," जावई म्हणाला. "जेवताना. वरण वाढेपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून."

बाइंडर एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. रंगाचं पत्रक, मोजलेलं कपाट, रिकामी होत असलेली खोली, एवढा सगळा संसार वरण वाढेपर्यंतच्या एका वाक्यावर उभा होता. त्यांच्यातल्या कोणालाच बाइंडरला न्यायचं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला न्यायचंय.

पुढच्याच फेरीत होडी बुडाली. पत्ते उलटे केले. मुलगा खलाशी, सून खलाशी, बाइंडर खलाशी.

"मग फितूर कोण?" मुलीने विचारलं.

कोणीच नव्हतं. सुनेने नियमांचा कागद दोनदा वाचला. जावयाने मोबाइलचा उजेड टेबलाखाली मारला. मुलाने खुर्च्या हलवून पाहिल्या. शेवटी सुनेने वैतागून खोका आवरायला घेतला आणि टेबलाच्या मोकळ्या बाजूला ठेवलेलं झाकण उचललं. खाली एक पालथा पत्ता होता. सहाव्या खुर्चीपुढे, टेबलाच्या कडेशी अगदी समांतर.

"काखेत कळसा आणि..." जावई म्हणाला आणि थांबला.

"पत्ते सहा कोणी मोजले?" मुलाने हळूच विचारलं.

"मी," सून म्हणाली. "दर रविवारी सहा ताटं... सवयीने मोजले गेले."

"वाटले मी," बाइंडर म्हणाला.

सहा पत्ते टेबलाभोवती फिरले होते आणि पाचातल्या एकालाही काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. कोणी पत्ता उलटा केला नाही. गरजच नव्हती.

"म्हणजे होडी सासूबाईंनी बुडवली," जावई म्हणाला. शांतता असह्य झाली की तो असं काहीतरी बोलायचा. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

पण बाइंडर हसायला लागला. मोठ्याने. सात महिन्यांत त्याला कोणी हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळे घाबरले. सुनेने पाणी आणलं.

"बरोबर बोलला तो," डोळे पुसत बाइंडर म्हणाला. "कोणाला न सांगता उतरली. आणि आपण बसलोय एकमेकांना ढकलत."

त्याने ग्लास खाली ठेवला. आता बोलून टाकावं, असं त्याला वाटलं.

"मी इथून हलणार नाही," तो म्हणाला.

"बरं," मुलगा म्हणाला.

"तुमच्या मनाविरुद्ध काहीच नाही, बाबा," सून म्हणाली.

"तुम्ही म्हणाल तसं," मुलगी म्हणाली. जावयाने नुसती मान हलवली, पण चारदा.

दिवसभरात पहिल्यांदाच चौघांचं एकमत झालं होतं. बाइंडर थोडा वेळ थांबला. अजून काही येईल, म्हणून. आलं नाही. सून डबे आवरू लागली होती. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसत होतं.

"बाथरूममध्ये फरशी गुळगुळीत आहे," शेवटी तोच म्हणाला. "पडलो बिडलो तर..."

"नाही पडत हो," सुरक्षा अधिकारी म्हणाला. "नीट पाय टाकून चाललं की कोणी पडत नाही."

"गॅस चालू राहिला परवा. दूध उतू गेलं."

"एवढं तर आमच्याकडे रोज होतं!" सून म्हणाली.

"गुडघाही..."

"उलट जिन्याने व्यायाम होतो," मुलगी म्हणाली. "दादाकडे जिनाच नाही. गुडघा आखडेल."

"शिवाय इथे आग लागेल असं काही नाहीच," जावयाने भर घातली. "मी सगळं पाहिलंय."

बाइंडरने पाठ केलेली सगळी उत्तरं ते देत होते. त्याच्यापेक्षा चांगली देत होते. चटईचा, पाटीचा विषयही निघाला नाही.

चारच वाजले होते. एरवी ते सहापर्यंत बसायचे. पिशव्या भरल्या, खोका सुनेने काखेत घेतला, सगळे दारात आले. मुलगा स्टुलावर बसून बूट घालू लागला. बाइंडरकडे आता एकच मुद्दा उरला होता. तो त्याने सगळ्यात शेवटी ठेवला होता, कारण त्याला उत्तर जमलं नव्हतं.

"जेवायला एकट्याने बसवत नाही," तो म्हणाला. "त्याचं काय करू?"

मुलाने नाडीची गाठ आवळली आणि उठून उभा राहिला.

"टीव्ही लावून बसायचं ना, बाबा."