थंड पाण्याची खळ

लाँड्रीवाल्याने सॉसची बाटली तिसऱ्यांदा डोळ्यांजवळ नेली आणि बायकोला म्हणाला, "अगं, यात स्टार्च आहे."

बायको काउंटरमागे डबा खात बसली होती. तिने हातातला घास तसाच खाली ठेवला. सव्वीस वर्षं या दुकानात स्टार्च म्हणजे कॉलर आणि कफ. तो पोटात जातो हे तिला मान्यच नव्हतं. आतडी कडक झाली तर त्यांना इस्त्री कोण करणार, असं विचारून तिने बाटलीचं झाकण घट्ट लावून टाकलं.

नवऱ्याच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. लेबलावर नुसता स्टार्च नव्हता, 'मॉडिफाइड स्टार्च' होता आणि पुढे चार आकडे होते. आपण इतकी वर्षं खळ शिजवतोय आणि कुणीतरी ती परस्पर सुधारून मोकळं झालं, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

संध्याकाळी खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेतल्या बाई आपले पांढरे कोट न्यायला आल्या. त्याने त्यांना अर्धा तास उभं केलं. बाई हौशी निघाल्या. साधी खळ ठेवली की पाणी सोडते, तसाच साध्या स्टार्चचा सॉसही सोडतो. म्हणून त्यावर प्रक्रिया करतात, मग तो फ्रीजमध्ये किंवा आंबटातही दाटपणा टिकवतो, असं त्यांनी समजावलं. आकडे सांगतात ती प्रक्रिया. मूळ स्टार्च मक्याचा, बटाट्याचा की गव्हाचा, हे आकड्यांवरून कळत नाही. पोटाचं काय, असं बायकोने मागून विचारलं. तज्ज्ञांनी तपासूनच परवानगी दिलेली असते, असं बाई म्हणाल्या. बायकोने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक पिशवी आणली. "काका, हा थंड पाण्यातही फुगतो, शिजवायला नको. काकूंना सूप करून बघू दे."

काकूंनी पिशवीला बोटही लावलं नाही. काकांनी फक्त 'शिजवायला नको' एवढंच ऐकलं होतं. त्यांनी बादलीत पावडर ढवळली आणि हाताशी आलेला पहिला शर्ट बुडवला. तो निघाला जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा. वाळल्यावर शर्ट असा ताठ झाला, की आत माणूस नसला तरी वर्ग घेईल.

शाळेचे पडदे, टेबलक्लॉथ, शिपायांचे गणवेश, सगळं याच दुकानात येई. त्यामुळे दहावीच्या मुलांच्या निरोप समारंभाला, जिथे मुख्याध्यापक तोच शर्ट घालून बोलणार होते, लाँड्रीवाला आवर्जून गेला. भाषण ऐकायला नव्हे, शर्ट बघायला.

जो थंड पाण्यात फुगतो तो घामातही फुगतो, हे त्याला तिसऱ्या रांगेत बसल्यावर उमगलं. मंचावरचे दिवे तापले, मुख्याध्यापकांना घाम फुटला आणि कॉलर आधी मऊ, मग बुळबुळीत, मग चिकट झाली. त्यांनी कफने मान पुसली, तोंड पुसलं, तर कफही विरघळू लागला. हनुवटी कॉलरला चिकटून मान वर होईना. सर गहिवरले असं समजून बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. भाषण सहा मिनिटांत आटोपलं. लाँड्रीवाला मागच्या दाराने निसटला.

सकाळी मुख्याध्यापक दुकानात हजर. बायको टांगलेल्या कोटांमागे गेली. त्यांनी शर्ट काउंटरवर ठेवला.

"काय लावलं होतंत याला?"

लाँड्रीवाल्याने काही न लपवता सगळं सांगितलं आणि आता शाळेच्या पडद्यांवर पाणी सोडायचं, अशी मनाची तयारी केली.

"गव्हाचा होता का?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

शर्टाबद्दल असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. आठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सरांचा गहू कायमचा बंद केला होता, आणि काल कफने तोंड पुसताना थोडा स्टार्च ओठांवाटे आत गेला होता. तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. लाँड्रीवाल्याने लगेच बाईंना फोन केला. मक्याचा, निव्वळ मक्याचा, असं उत्तर आलं. मुख्याध्यापक स्टुलावर टेकले.

"शिजवावा लागत नाही म्हणालात?"

"नाही, सर."

गहू बंद झाल्यापासून सूपमध्ये मैदा चालत नव्हता, कॉर्नफ्लॉर शिजवलं की गुठळ्या होत, त्यामुळे घरचं सूप म्हणजे नुसतं कोमट पाणी झालं होतं. उरला असेल तर थोडा द्याल का, असं त्यांनी संकोचत विचारलं. लाँड्रीवाल्याने अख्खी पिशवीच पुढे केली. मुख्याध्यापकांनी खिशातून पेन काढलं.

"प्रमाण काय घ्यायचं?"

लाँड्रीवाल्याला एकच प्रमाण ठाऊक होतं. "एका शर्टाला दोन चमचे."

मुख्याध्यापकांनी जरा हिशेब केला.

"आम्ही घरी चौघं आहोत," ते म्हणाले, "म्हणजे दीड शर्टाचं धरतो."