बदकांचं वाण

विलास कर्णिकला 'नाही' म्हणता येत नव्हतं. मराठीत येत नव्हतं, इंग्रजीत येत नव्हतं, आणि जर्मनचे दोन कोर्स करूनही 'नाइन' हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. त्यामुळे ब्राउनश्वाइगच्या ऑफिसात कॉफी ओतून घेता घेता त्याचे साहेब, हेर (म्हणजे श्रीयुत) हार्म्स, यांनी विचारलं की आम्ही समुद्रकाठी बदकांच्या शिकारीला जातो, तुम्हाला यायला आवडेल का, तेव्हा विलास म्हणाला, "आवडेल की. फारच."

आता यात त्याचं काय चुकलं? पुण्यात असं बोलणं रोज होतं. एकाने 'या एकदा घरी' म्हणायचं, दुसऱ्याने 'येतो की' म्हणायचं आणि दोघांनी सुखाने आपापल्या घरी जायचं. पण हार्म्ससाहेबांनी तिथल्या तिथे फोन काढला, जानेवारीतला मोसमाचा शेवटचा दिवस धरला, आणि विलास आपल्या खुर्चीपर्यंत पोचायच्या आत शिकार त्याच्या कॅलेंडरवर येऊन बसली. इथे बोललेलं खरं धरतात, हे त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

विलासने आयुष्यात झुरळ मारलेलं नव्हतं (ते खातं त्याची बायको वल्लरी सांभाळायची). पण त्याचा प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला उमेदवारीचा काळ, जानेवारीअखेर संपत होता. साहेबांनी मान डोलावली तर नोकरी पक्की, नाहीतर व्हिसा, घर आणि नुकताच घेतलेला कोपऱ्याचा सोफा, सगळंच अधांतरी. शिकारीचं बोलावणं ही आपली परीक्षा आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. वल्लरी म्हणाली, परीक्षा वगैरे काही नाही, सरळ नाही म्हणून सांग. तिला तो शब्द येत होता, म्हणून तिला ते सोपं वाटत होतं.

बंदूक त्याच्या हाती कुणी देणार नव्हतं. तिला परवाना लागतो. त्याचं काम वेगळं होतं. समुद्राच्या बांधापलीकडे सरकारी दलदल आहे. तिथे काठच्या गावातल्या मोजक्या लोकांना शिकारीची परवानगी मिळते, आणि साहेबांचे सासरे त्यांतले एक. त्या दलदलीत छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून उतरायचं आणि अकरा लाकडी बदकं पाण्यावर मांडायची. वरून जाणाऱ्या खऱ्या बदकांना वाटतं, खाली आपली मंडळी मजेत आहेत, आणि ती भोळी उतरतात. (विलासही जर्मनीत असाच उतरला होता. कॉलेजातल्या चार जणांचे बर्फातले फोटो बघून.)

नव्या गड्याने बदकं तयार करायची, असा तिथला रिवाज म्हणे. साहेबांनी अख्खं पोतंच त्याच्या स्वाधीन केलं. "जपून हं," ते म्हणाले, "सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने कोरलीत." विलासने बिल्डिंगच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, बसून एकेकाची चकाकी घालवायला मातकट रंग दिला. पोटाला दोऱ्या बांधल्या, दोऱ्यांच्या टोकांना शिशाची वजनं लावली. रबरी विजार बाथरूममध्ये घालून पाहिली. ती निघेना तेव्हा वल्लरीने पाय धरून ओढली आणि विलास टबात जाऊन पडला. शिकारीतला पहिला मुका मार बदकांच्या आधी त्यालाच बसला.

या सगळ्याचा अरुंधतीबाईंना पत्ता नव्हता. अरुंधतीबाई म्हणजे वल्लरीच्या आई, साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. बेकरीत अंड्याचा केक दिसला तरी पदर नाकाला लावणाऱ्या. जावई शिकारीला जातोय हे कळलं असतं, तर त्या पुढच्याच विमानाने परत गेल्या असत्या. एक दिवस बटाटे आणायला म्हणून त्या केलरमध्ये उतरल्या आणि समोर अकरा बदकं ओळीने वाळत ठेवलेली. एवढी बदकं कशाला, असं त्यांनी विचारलं. विलासच्या तोंडातून जे पहिलं बाहेर पडलं ते असं: "वाटायला आणलीत, आई."

अरुंधतीबाईंनी एक बदक उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली. विलास सुटलो म्हणून वर पळाला.

संक्रांत शिकारीच्या आदल्याच दिवशी आली. घरी हळदीकुंकू होतं, गावातल्या झाडून साऱ्या मराठी सवाष्णी येणार होत्या, म्हणून विलास मुद्दाम ऑफिसात रेंगाळून घरी परतला. घरात तिळगुळाचा वास होता, अत्तराचा होता, आणि वल्लरी भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा बघून विलासला वाटलं, व्हिसा गेला.

"मी आत दूध आटवत होते," ती म्हणाली. "बाहेर आले तर पाचव्या बाईच्या ओटीत बदक होतं."

विलासला क्षणभर काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तो आहे त्या बुटांनिशी सोफ्यावर बसला. अरुंधतीबाईंनी पोतंच्या पोतं वाण म्हणून लुटलं होतं. वल्लरीने आणलेले स्टीलचे डबे कपाटावर तसेच होते. अरुंधतीबाई मात्र खुशीत होत्या. बायका काय तोंडभरून कौतुक करत होत्या म्हणाल्या. जर्मनीत असं लाकडी वाण कुणी दिलं नव्हतं, शिवाय खिडकीत टांगायला दोरी लावलेली. (वजन कशाला, असं एकीने विचारलं होतं. वाऱ्याने हलू नये म्हणून, असं त्यांनी आपल्या अकलेने सांगितलं होतं.)

विलास कसाबसा म्हणाला, की ती परत आणावी लागतील.

अरुंधतीबाईंचं हसू जागच्या जागी थिजलं. "विलासराव," त्या म्हणाल्या, "सवाष्णीच्या ओटीत घातलेलं वाण परत मागायचं? आमच्या सात पिढ्यांत कुणी मागितलं नाही."

मग मात्र विलासने खरं काय ते सांगून टाकलं. शिकार, दलदल, साहेब, नोकरी, सगळं. अरुंधतीबाई ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. हा धक्का मोठा आहे, आता तरी त्या स्वतःच बदकं परत मागवतील, अशी त्याला आशा वाटली.

"म्हणजे मी बायकांच्या ओटीत फास घातला," त्या अखेर म्हणाल्या. थोडा विचार केला आणि पुढे म्हणाल्या, "मग तर मुळीच आणू नका. सुटली बिचारी."

तरी विलास गुपचूप बाहेर पडला. हळदीकुंकवाला आलेली सुलेखा जवळच्या गल्लीत राहायची, निदान एक बदक तरी सोडवावं म्हणून तिच्या दारात गेला. सुलेखाचं बदक देव्हाऱ्याशेजारी विराजमान झालं होतं आणि त्याच्या कपाळावर हळदकुंकू होतं. तिने विलासला बसवलं, त्याच्या सासूबाईंची पंधरा मिनिटं स्तुती केली, इतकं प्रेमाने दिलेलं वाण कधी मिळालं नव्हतं म्हणाली आणि डोळेही पुसले. विलास चहा प्यायला, तिळगूळ घेतला, गोड बोलला आणि रिकाम्या हाताने घरी आला.

सकाळी बेल वाजली तेव्हा तो रबरी विजार चढवून दारात उभा होता. निदान तयारी तरी दिसावी, एवढाच त्यामागचा विचार. हार्म्ससाहेब हिरव्या जाकिटात, नाक लाल, हातात रुमाल. पोतं कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. विलासने वल्लरीकडे पाहिलं. शेवटी वल्लरीनेच त्यांना आत बसवून सगळी हकिकत जर्मनमध्ये सांगितली. सांगून झालं तेव्हा साहेब पुतळ्यासारखे बसले होते. विलासने मनातल्या मनात सोफ्याचा निरोप घेतला.

"परत मागता येत नाहीत?" साहेबांनी विचारलं.

वल्लरीने आईला विचारलं. आईने नाही म्हणून मान हलवली.

"एकही नाही? म्हणजे अगदी धर्माच्या कारणाने?"

अरुंधतीबाईंनी होकाराने मान डोलावली, आणि विलास बघतच राहिला. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत होतं. ते सोफ्यावर मागे रेलले, पाय लांब केले आणि समोरच्या वाटीतला तिळाचा लाडू उचलला. मग त्यांनी सांगितलं, की त्यांना बदकांची शिकार मुळीच आवडत नाही. थंडी बाधते, नाक गळतं. लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, शिकारीला यायला आवडेल का, आणि तेही म्हणाले होते, फारच आवडेल. तेव्हापासून दर मोसमाला ते त्या चिखलात उभे आहेत. सुटायला कारणच सापडत नव्हतं.

त्यांनी तिथूनच सासऱ्यांना फोन लावला. आवाज असा पाडला, की कुणी गेलंय असं वाटावं. पलीकडे म्हातारा बराच वेळ आपल्या गावच्या बोलीत काहीतरी बोलत राहिला. विलासला त्यातलं अक्षर कळलं नाही. साहेब मात्र मधून मधून त्याच्याकडे बघून "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत होते.

फोन ठेवून ते उठले. विलासने धीर करून विचारलं, की माझ्या नोकरीचं काय.

"ती नाताळाआधीच पक्की झाली," साहेब म्हणाले. "तिचा शिकारीशी काय संबंध?"

विलासला रडू यायचं तेवढं बाकी होतं. वल्लरीने त्याचा हात घट्ट धरला. साहेब जाकिटाची चेन लावत पुढे म्हणाले, की सासरे रागावलेले नाहीत. नवी बदकं कोरायला घेणार आहेत, हाताखाली माणूस हवाय. शिवाय सप्टेंबरपासून दर शनिवारी दलदलीत सोबत लागेल. माझ्या ऑफिसात एकजण आहे, त्याला हे फार आवडतं, असं मी त्यांना सांगून टाकलंय. "तुम्हाला आवडेल ना?"

वल्लरीने डोळे मोठे केले. ओठांनी, आवाज न करता, तिने त्याला तो शब्द स्पष्ट म्हणून दाखवला.

"आवडेल की," विलास म्हणाला. "फारच."

साहेब जिना उतरेपर्यंत विलासचा फोन वाजलाही. कॅलेंडरवर नवं बोलावणं येऊन बसलं होतं. दर शनिवार. शेवटची तारीख त्यात घातलेलीच नव्हती. विलास त्या रबरी विजारीत तसाच दारात उभा राहिला आणि त्याने सासूबाईंकडे बघितलं. "आई, यातून सुटायचा काही मार्ग?"

अरुंधतीबाईंनी वल्लरीकडून सगळं नीट समजून घेतलं, जरा विचार केला आणि त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"साहेबांनी तुम्हाला आपल्या सासऱ्यांच्या ओटीत घातलंय, विलासराव," त्या म्हणाल्या. "दिलेलं वाण परत मागत नाहीत."