बावीस इंचांची गाडी

बढाई वाटेल, पण मापाच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही. पंचवीस वर्षं सुतारकाम करतोय. खुर्चीकडे नुसतं बघून तिची उंची सांगतो. टेप लावल्यावर फरक निघालाच, तर समजायचं की टेप खराब आहे! म्हणून आईबाबांसाठी गाडी घ्यायची ठरली तेव्हा मी घरात जाहीरच करून टाकलं, "गाडी मी निवडणार. मापानं!"

"स्वयंपाकघरातलं कपाटही मापानंच केलं होतं ना?" बायको म्हणाली. "त्याचं दार फ्रिजला आपटतं."

आमच्या बायकोला जगातला कुठलाही विषय त्या कपाटावर आणता येतो.

गाडी हवी होती बाबांना आत्याकडे न्यायला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, दोन तासांच्या अंतरावर राहते. गेल्या वर्षी आम्ही जुन्या गाडीतून गेलो होतो. ती गाडी इतकी बुटकी की तिच्यात बसायचं नसतं, पडायचं असतं! मोठ्या माणसानं ऐसपैस पुढे बसावं म्हणून बाबांना माझ्या शेजारी बसवलं होतं. आत्याच्या फाटकाशी त्यांना बाहेर ओढायला मी, आतेभाऊ आणि दूधवाला असे तिघे लागलो. आत्या दारातून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नेमकं ते बाबांनी पाहिलं. तेव्हापासून त्यांनी जाण्याचं नावच काढलं नाही. आज पोट बिघडलंय, उद्या ऊन फार आहे. "फोनवर बोलतो की आम्ही!" म्हणायचे.

पुढच्या महिन्यात आत्याला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. तिनं मला फोनवर एवढंच सांगितलं, "त्याला आण रे. भावंडांत आम्ही दोघंच उरलोय."

आता हे ऐकल्यावर कोण गप्प बसेल? मी कामाला लागलो. पण मापं घ्यायची ती बाबांना कळू न देता, कारण गुडघ्यांचा विषय काढला की ते दोन दिवस अबोला धरतात. ते पेपर वाचत असताना मी पडलेली पेन्सिल शोधायच्या निमित्तानं सोफ्याजवळ रांगलो. जमिनीपासून बाबांचा गुडघा एकोणीस इंच. आईचा सतरा. सोफा जेमतेम सतरा, तरी त्यावरून दोघं रोज आरामात उठतात, हे मी दुरून पाहिलेलं. मग बाबांच्या गुडघ्यापेक्षा तीन इंच उंच, म्हणजे बावीस इंचांच्या सीटवरून तर उडीच मारतील!

तिसऱ्यांदा पेन्सिल पडली तेव्हा बाबांनी पेपर खाली घेतला. "माझं माप घेतोयस तू?"

"छे! भलतंच काय!" मी टेप पाठीमागे लपवला. तो मेला खर्रकन आवाज करत गुंडाळला गेला.

मागच्याच महिन्यात मी शेजारच्या आजोबांना कमोडची खुर्ची करून दिली होती. बाबांना वाटलं, आता आपला नंबर!

"मी अजून माझ्या पायांनी जातो!" ते कडाडले. "तसली खुर्ची या घरात आली ना, तर मी घर सोडीन!"

त्या दिवसापासून मी खोलीत शिरलो की बाबा उभे. माप घेताच येऊ नये म्हणून! जेवताना उभे, बातम्या बघताना उभे. गुडघे दुखणारा माणूस आणि तीन दिवस उभा! शेवटी आई रडकुंडीला आली आणि मला सगळं कबूल करावं लागलं.

"गाडी होय?" बाबा हळूच खाली टेकले. "मग आधी सांगायला काय झालं होतं, गाढवा!"

आम्ही चौघं शोरूमला गेलो. तिथली पहिली गाडी इतकी उंच, की आई म्हणाली, "माळ्यावर चढायचंय का?" दुसरी आमच्या जुन्या गाडीची सख्खी बहीण. तिसरीला मी टेप लावला. बावीस इंच! दार चांगलं रुंद उघडणारं, धरायला कडी. "हीच!" मी ओरडलो.

बाबा पुढे बसले, आई मागे. टेकलं की बसलं! सेल्समननं टाळ्या वाजवल्या. मी छाती फुगवून म्हणालो, "आता उतरा."

बाबांनी पाय बाहेर काढले. कडी धरली. आणि पुढे काही घडेना.

"होईल, होईल," ते म्हणाले. कुठलं होतंय! सेल्समननं एक हात धरला, वॉचमननं दुसरा, मेकॅनिक स्टूल घेऊन धावला, एक गिऱ्हाईक नुसताच सल्ला द्यायला आलं. मी आपला खाली वाकून पुन्हा मोजतोय, "बावीसच आहे हो! बावीसच!" सगळ्यांनी मिळून त्यांना उपसून काढलं. मी बाबांचा चेहरा पाहिला. आत्याच्या फाटकाशी होता, तोच चेहरा.

"घरी जाऊ," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अरे, मलाही कुठं उठता येतंय! यांना इकडं आण. माझ्या शेजारी बसव."

बाबांना मागे बसवलं. त्यांनी पाय बाहेर काढले. आईनं त्यांच्या पाठीला तळहात लावला आणि म्हणाली, "हं." बाबा उभे! मग वळून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आई सीटवरून सरकत आली आणि तीही बाहेर.

"घरी सोफ्यावरून असंच तर उठतो आम्ही," ती म्हणाली. "किती वर्षं झाली."

आणि मी दोघांची मापं वेगवेगळी घेत बसलो होतो! मी उगाचच टेप पुसला.

"म्हणजे जुन्या गाडीतही यांना मागेच बसवलं असतं तर?" बायकोनं विचारलं. मी घाईघाईनं सेल्समनकडे वळलो, "गाडी कधी मिळेल हो?"

आत्याच्या वाढदिवसाला आम्ही नव्या गाडीतून पोचलो. ती दारातच उभी होती. मागचं दार उघडलं. तळहात, हं, दोन हात, आणि दोघं बाहेर. बाबा ताठ चालत फाटकातून आत गेले.

"आलास?" आत्यानं त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "एकटा उतरलास?"

"छे गं. ही आहे ना."

दोघं रडली, दोघं हसली. मग आत्यानं डोळे पुसून गाडीकडे पाहिलं. "आणि हा का आत बसून राहिलाय?"

काय सांगणार? दोन तास गाडी चालवून माझी कंबर धरली होती. सगळ्या गाडीला टेप लावला, ड्रायव्हरच्या सीटचं माप घ्यायचंच राहिलं!

"होईल, होईल," मी म्हणालो.

बाबा आल्या पावली परत फिरले, माझं दार उघडलं आणि हात पुढे केला.

"दे हात. आधी सांगायला काय झालं होतं, गाढवा!"